ॲबटला माहीत होतं का?

'अरायव्हल'मधल्या सात पायांच्या पाहुण्याने माणसांसाठी जीव दिला, की त्याचा नुसता जीव गेला? हिंजवडीतल्या एका फ्लॅटवर सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

शनिवारी रात्री हिंजवडी ओळखू येत नाही. सोमवार ते शुक्रवार ज्या शिवाजी चौकात बसचा ड्रायव्हर, बाइकवाला आणि ट्रॅफिक पोलीस तिघंही हताश होऊन एकमेकांकडे बघत असतात, तिथे शनिवारी अकरानंतर एखादं कुत्रं रस्त्याच्या मधोमध ताणून देतं. आयटीवाले आपापल्या घरी गेलेले असतात आणि हिंजवडी उरते ती आमच्यासारख्यांची. म्हणजे इथल्या कॉलेजात शिकणारी, चौघांत फ्लॅट घेऊन राहणारी, नाहीतर माझ्यासारखी इथेच आईवडिलांबरोबर दोन खोल्यांत राहणारी पोरं.

अशाच एका शनिवारी मारुंजी रस्त्यावरच्या मैत्रिणीच्या फ्लॅटवर आम्ही सहा जणांनी 'अरायव्हल' लावला. दोघांनी आधी पाहिलेला, चौघांनी नाही. लॅपटॉप एक, चिप्सची पाकिटं चार. सिनेमा संपला साडेबाराला. भांडण थांबलं साडेतीनला, तेही खालून वॉचमनकाकांनी इंटरकॉम केला म्हणून. 'ताई, चोरबिर आलाय का?' असं त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, नाही काका, एलियन मेलाय.

पण तो मेला कसा, यावरच तर सगळं अडलं होतं.

पुढे वाचण्याआधी एक सूचना. चित्रपट 2016 चा आहे, त्यामुळे स्पॉयलर दिला म्हणून कुणी रागावायचा हक्क खरं तर उरलेला नाही. तरीही ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हे पान घडी घालून ठेवावं, आधी बघून यावं. इथे शेवटापर्यंत सगळं फोडलेलं आहे.

तर गोष्ट अशी. जगात बारा ठिकाणी बारा प्रचंड याने येऊन थांबतात. जमिनीला न टेकता, तरंगत. अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यातल्या यानाजवळ लष्कर तळ ठोकतं आणि भाषातज्ज्ञ लुईस बँक्स हिला बोलावून घेतं. ही भूमिका एमी ॲडम्सची. तिच्याबरोबर भौतिकशास्त्रज्ञ इयान, म्हणजे जेरेमी रेनर. दर अठरा तासांनी यानाचं दार उघडतं. आत काचेसारख्या पडद्यापलीकडे धुक्यात दोन हेप्टापॉड असतात. हेप्टापॉड म्हणजे सात पायांचे. आमच्यातल्या मराठीवालीने त्यांना लगेच 'सप्तपाद' करून टाकलं. इयान त्यांची नावं ठेवतो ॲबट आणि कॉस्टेलो. ही अमेरिकेतली जुनी विनोदी जोडी. शब्दांचा भलताच अर्थ लावून उडालेला गोंधळ हा त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या प्रवेशाचा विषय होता. भाषेवरच्या सिनेमात ही नावं उगीच आलेली नाहीत.

ते हवेत शाईसारखं काहीतरी सोडून गोल लिहितात. त्या गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. पूर्ण वाक्य एकदम उमटतं. लुईस ती भाषा शिकत जाते आणि तिला काहीतरी व्हायला लागतं. एका मुलीचे प्रसंग दिसू लागतात. आपल्याला वाटतं, ही तिची वारलेली मुलगी, आणि या आठवणी. शेवटी कळतं की ती मुलगी अजून जन्मलेलीच नाही. ही भाषा ज्याला येते त्याला काळ एका सरळ रेघेत दिसत नाही, मागचं-पुढचं सगळं एकदम दिसतं.

आता ॲबटकडे येऊ. भेदरलेले काही सैनिक यानात गुपचूप स्फोटकं ठेवतात. लुईस आणि इयानला त्याची कल्पना नसते. ते आत जातात. त्या भेटीत हेप्टापॉड त्यांना आजवरचा सगळ्यात मोठा, गुंतागुंतीचा संदेश देतात आणि स्फोट व्हायच्या क्षणभर आधी त्या दोघांना यानाबाहेर ढकलून देतात. दोघं वाचतात. नंतर लुईस एकटी वर जाते तेव्हा धुक्यात कॉस्टेलो एकटाच असतो. ती विचारते, ॲबट कुठे आहे? उत्तर येतं ते सबटायटलमध्ये अगदी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, की ॲबट मरणाच्या प्रक्रियेत आहे. लुईस माफी मागते. बस्स. ॲबटचा विषय सिनेमात संपतो.

सिनेमात संपतो, पण चाहत्यांच्या डोक्यात तिथूनच सुरू होतो. कारण साधं आहे. हेप्टापॉडना पुढचं दिसतं. म्हणजे ॲबटला बॉम्ब दिसत होता. यान पृथ्वीकडे निघालं तेव्हाही दिसत होता. मग तो आला का?

आमच्याकडे या प्रश्नाचे सरळ दोन पक्ष पडले, आणि एक अपक्ष.

पहिला पक्ष बीएस्सीवालीचा. तिच्या मते हे शुद्ध बलिदान. ॲबटला आपलं मरण माहीत होतं, मरणाची जागा माहीत होती, तरी तो आला, आपलं काम पुरं केलं, आणि शेवटच्या क्षणी स्वतःला वाचवण्याऐवजी त्याने दोन माणसांना बाहेर काढलं. 'याला बलिदान नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?' असं ती उशीवर मूठ आपटत विचारत होती.

दुसरा पक्ष मेकॅनिकलवाल्याचा. तो म्हणाला, ज्याला सगळं आधीच दिसतं त्याला निवड कुठे असते? आपण एखादा सिनेमा दुसऱ्यांदा बघतो तेव्हा हिरो मरणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण हिरोला मारलं असं होतं का? ॲबट स्वतःच्याच सिनेमाचा दुसरा शो बघत होता. त्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. आणि 'नाही' म्हणायची सोय नसेल तर 'हो' म्हणण्याला काय अर्थ?

कॉमर्सवाला अपक्ष. त्याने पहिल्या पाच मिनिटांत जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. 'जे यान गुरुत्वाकर्षण वाकवू शकतं, दोन माणसांना उचलून बाहेर टाकू शकतं, त्याला तो बॉम्ब बाहेर टाकता येत नव्हता?'

शांतता. कुणीतरी चिप्स खाल्ले.

मग बीएस्सीवालीने बाजू सावरली. बॉम्ब फुटला म्हणून यान वर गेलं, वर गेलं म्हणून लुईसला एकटीला बोलावलं गेलं, तिथे तिला स्वतःच्या दृष्टीचा उलगडा झाला, आणि म्हणून पुढचं युद्ध टळलं. बॉम्ब काढून टाकला असता तर ही साखळीच तुटली असती. कॉमर्सवाला म्हणाला, 'म्हणजे इन्व्हेस्टमेंट. तीन हजार वर्षांनी रिटर्न.' कारण कॉस्टेलो लुईसला सांगतो की आज आम्ही माणसांना मदत करतोय, आणि 3000 वर्षांनी आम्हाला तुमची मदत लागणार आहे. कॉमर्सवाल्याच्या हिशेबात ॲबट म्हणजे डाउन पेमेंट. त्याला त्या रात्री फ्लॅटबाहेर काढायचा ठराव पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला होता, पण पाऊस पडत होता.

मूळ कथेत बॉम्बच नाही

दुसऱ्या दिवशी मी मूळ कथा शोधून वाचली. टेड चियांग या अमेरिकन लेखकाची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ', 1998 साली आलेली. आणि पहिला धक्का बसला. कथेत बॉम्बच नाही! सैनिकांचा कट नाही, स्फोट नाही, कुणाला बाहेर ढकलणं नाही. हेप्टापॉडांची नावंसुद्धा वेगळी आहेत, फ्लॅपर आणि रास्पबेरी. ते एक दिवस येतात तसेच एक दिवस निघून जातात, का आले होते ते न सांगता. म्हणजे ॲबटचं मरण ही पटकथाकार एरिक हायसरर आणि दिग्दर्शक डेनी विलन्यूव्ह यांच्या सिनेमाची भर आहे. सिनेमाला टाइम बॉम्ब लागतो, कथेला लागत नाही, एवढं साधं कारण असू शकतं. पण एकदा तो बॉम्ब ठेवल्यावर त्यातून जो प्रश्न निघाला तो कथेच्या अगदी गाभ्यातला निघाला.

कथेत हा गाभा प्रकाशकिरणाच्या उदाहरणाने येतो. बारावीत आपण अपवर्तन शिकलो: हवेतून पाण्यात शिरताना किरण वाकतो. का वाकतो, याचं एक उत्तर सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने दिलं. प्रकाश कमीत कमी वेळाचा रस्ता धरतो. पाण्यात त्याचा वेग कमी होतो, म्हणून पाण्यातलं अंतर थोडं वाचवायचं आणि हवेतलं थोडं जास्त कापायचं. ऐकायला छान आहे. पण विचार करा, कुठला रस्ता सगळ्यात कमी वेळाचा हे ठरवायचं तर पोहोचायचं कुठे ते आधी ठाऊक हवं. म्हणजे किरणाला निघतानाच मुक्काम माहीत असतो की काय? गणित करून बघितलं तर किरण प्रत्येक टप्प्यावर साध्या नियमाने वाकतोय असंही दाखवता येतं, आणि सगळा प्रवास एकदम धरून 'कमीत कमी वेळ' असंही दाखवता येतं. उत्तर दोन्हीकडून तेच. चियांगची कल्पना अशी की माणसं पहिल्या पद्धतीने जगतात, हेप्टापॉड दुसऱ्या.

हे मी घरी मोठ्याने वाचत होते. माझे पप्पा कंपनीची कॅब चालवतात. ते चहा पीत ऐकत होते. म्हणाले, 'यात काय मोठं? वाकडहून उचललेल्या माणसाला फेज थ्रीला जायचंय का माणगावात, हे आधी कळलं तरच मी ठरवीन ना भूमकर चौकातनं घुसायचं का लांबनं नांदे-चांदेवरनं यायचं. जवळचा रस्ता येगळा, लवकरचा येगळा.'

फर्माला हिंजवडीचा ट्रॅफिक दाखवायला हवा होता, त्याचं काम सोपं झालं असतं.

कथेतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली, कारण मेकॅनिकलवाल्याच्या मुद्द्याला तिथे उत्तर आहे. चियांगची लुईस विचार करते की सगळं माहीत असताना हेप्टापॉड बोलतात तरी कशाला? आणि ती लग्नाचं उदाहरण देते. पाद्री काय म्हणणार हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो ते म्हणेपर्यंत लग्न लागलेलं नसतं. आपल्याकडचं बघा. मंगलाष्टकं पाचवी का सहावी सुरू आहे, मामा मुलीला घेऊन उभा आहे, अक्षता मुठीत घामेजल्यात, 'शुभमंगल सावधान' येणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणी आधीच अक्षता टाकून जेवायला जातं का? (जातात काही जण, पण त्यांना नातेवाईक म्हणतात.) ते शब्द उच्चारले जाणं हीच घटना. माहीत असण्याने ती टळत नाही, आणि फुकटही जात नाही. ॲबटचं तसंच असेल, तर तो दुसरा शो बघत नव्हता. तो मंडपात उभा होता.

येतो म्हणून जाणारी माणसं

आमच्यातली मराठीवाली या भांडणात फारशी बोलत नव्हती. रात्री अडीचच्या सुमारास ती म्हणाली, 'परवा म्हणजे कधी?'

आम्ही सगळे गप्प झालो आणि मग एकदम हसलो. मराठीत 'परवा' म्हणजे दोन दिवसांपूर्वीही आणि दोन दिवसांनंतरही. 'काल' आणि 'उद्या' आपण नीट वेगळे ठेवले, पण एक पाऊल पुढे टाकलं की भूत आणि भविष्य एकाच शब्दात. तेरव्याचंही तेच. मग तिने सपाटाच लावला. चहा गॅसवर असताना कुणी हाक मारली तर आपण म्हणतो, 'आलेच!' आलेलो नसतोच. बाइक घसरता घसरता ओरडतो, 'मेलो!' मेलेलो नसतो. आईच्या हातात लाटणं दिसलं की भावाला सांगतो, 'गेलास तू आता.' जे घडायचंय ते घडून गेल्यासारखं बोलायची आपल्याला सवयच आहे. आणि घरातून निघताना तर 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. जाणारा माणूस जाण्याच्या क्षणी परत येण्याबद्दल बोलतो. सप्तपादांना मराठी शिकायला दोन दिवस पुरले असते, असं तिचं मत पडलं.

सिनेमाचा सगळा डोलारा ज्या कल्पनेवर उभा आहे ती सपीर आणि व्होर्फ या दोन अमेरिकन भाषाभ्यासकांच्या नावाने ओळखली जाते: भाषा बदलली की विचार करण्याची पद्धत बदलते. सिनेमा ती पार टोकाला नेतो. आजचे भाषातज्ज्ञ एवढं टोक मानत नाहीत. भाषेचा विचारांवर थोडाफार परिणाम होतो, इतपतच ते मान्य करतात. आणि त्यांचं बरोबरच असणार, नाहीतर 'परवा' म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना परवाच्या पेपरातले प्रश्न आजच दिसले असते.

एक गोष्ट मात्र मराठी डबिंगमध्ये हमखास मरेल. लुईसच्या मुलीचं नाव हॅना. इंग्रजीत ते डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, तेच राहतं. देवनागरीत ही गंमत गायब. आपल्याकडे त्यासाठी 'चिमा काय कामाची' आहे, पण मुलीचं नाव चिमा ठेवून लुईसच्या डोळ्यांतून पाणी काढणं अवघड. उलट्या नावावरून आठवलं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. नाव ओळखून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून केलेली युक्ती. बक्षीस मिळालंच. आपल्या विज्ञानकथेचा एक मोठा प्रवास उलट वाचायच्या आद्याक्षरांनी सुरू झालाय, हे ॲबटला आवडलं असतं.

मरणारे परग्रहवासी आपल्याला का आवडतात

ही परंपरा जुनी आहे. 1982 च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात स्पॉक यान वाचवण्यासाठी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत शिरतो. त्याच्या मरणाची बातमी आधीच फुटली तेव्हा चाहत्यांनी एवढा गोंधळ घातला की सिनेमाच्या सुरुवातीलाच एक खोटं मरण दाखवून त्यांना चकवावं लागलं. 1999 च्या 'द आयर्न जायंट'मधला अवकाशातून आलेला यंत्रमानव गाव वाचवायला क्षेपणास्त्राला स्वतः जाऊन भिडतो. तो सीन बघून रडला नाही असा मुलगा मला अजून भेटायचाय. 2014 मध्ये ग्रूटने मित्रांभोवती फांद्यांचं घरटं केलं. नंतर कुंडीत उगवलेला छोटा ग्रूट तोच आहे असं धरून जगाने टी-शर्ट विकत घेतले, आणि मग दिग्दर्शक जेम्स गनने सांगून टाकलं की नाही, तो पहिला मेला, हा वेगळा. चाहत्यांचं असं असतं. कुणी आपल्यासाठी मेलेलं आपल्याला हवं असतं आणि तो परत आलेलाही हवा असतो.

आपल्या हिंदी सिनेमात एलियन मरत नाही, घरी जातो. जादू गेला, पीके गेला. पीके तर जाताना जग्गूवरचं प्रेम लपवून खोटं बोलला, जे खोटं बोलणं तो पृथ्वीवर येऊन शिकला होता. मला विचाराल तर ते ग्रूटपेक्षा कमी नाही, पण त्यावर वेगळं भांडण होईल.

आणि माहीत असून देणाऱ्याची गोष्ट आपल्याला परग्रहावरून आणावी लागत नाही. कर्णाकडे इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार, कवचकुंडलं मागणार, आणि ती दिली की मरण ठरलेलं, हे सूर्याने त्याला आधी सांगितलेलं असतं. तरी तो देतो. तरी म्हणजे, बदल्यात शक्ती मागून घेतो, हे कॉमर्सवाल्याने लगेच निदर्शनाला आणलं. पण गंमत बघा, 'मृत्युंजय' वाचून वाढलेल्या आपल्या घरांत कर्णाला कुणी 'तुला निवड नव्हती' असं म्हणत नाही. त्याला ठाऊक होतं म्हणूनच तो दानशूर. ठाऊक नसतं तर तो नुसता फसला असता. म्हणजे आपल्याकडे तरी माहीत असण्याने त्याग छोटा होत नाही, उलट त्यानेच तो त्याग ठरतो. मेकॅनिकलवाला याला भावनिक ब्लॅकमेल म्हणतो.

इथवर मी बीएस्सीवालीच्या पक्षात होते. पुढचं सांगायला मला थोडं अवघड वाटतं, पण ते टाळलं तर लेख अर्धाच राहील.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. मी पाचवीत असताना पप्पांनी तिथलं चालतं गॅरेज मित्राला दिलं आणि हिंजवडीत येऊन कॅब धरली, नाइट शिफ्टची. पोरांच्या शाळेसाठी. संध्याकाळी सातला पिकअप, पहाटे चारला शेवटचा ड्रॉप, वर्षानुवर्षं. आता त्यांच्या मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो ते गाडीत लावतात आणि घरी आल्यावर लपवतात. आमच्या नातेवाइकांत एक वाक्य ठरलेलं आहे. माझा निकाल लागला, कुणाचं लग्न निघालं, मी नवीन चप्पल घेतली, काहीही झालं तरी आत्या म्हणणार, 'तुझ्या पप्पांनी केवढा त्याग केलाय, ध्यानात ठेव.' मी ठेवते. पण दर वेळी ते ऐकताना मला बिल हातात दिल्यासारखं होतं. रक्कम लिहिलेली नाही, तारीख नाही, पण बिल आहे.

त्या आठवड्यात मी पप्पांना मोबाइलवर बॉम्बचा सीन दाखवला. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, मी सांगत होते. त्यांनी एकच विचारलं, 'गाडी कुणाची?'

'त्यांचीच. यान त्यांचं आहे.'

'मग पॅसेंजर आधी उतरवणारच की. ज्याची गाडी त्याची जबाबदारी.'

मी म्हटलं, 'पण पप्पा, बॉम्ब फुटणार हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. तरी आला.'

ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'आसंल. मला पण हितं आलो तेव्हा जुन्या ड्रायव्हरनी सांगितलंच होतं, नाइट मारलीस तर दहा वर्षांत कंबर जाती.'

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की पाठीचं दुखणं त्यांच्यावर अचानक येऊन पडलं. मी विचारलं, 'मग आलात कशाला?'

'यायचं होतं.'

'म्हणजे त्याग...'

'आत्याला काय काम नाही,' ते म्हणाले आणि अंघोळीला गेले.

मी दोन दिवस या 'यायचं होतं'वर विचार करत होते. मग सिनेमातला कॉस्टेलोचा सीन पुन्हा पाहिला. लुईस माफी मागते. कॉस्टेलोला ॲबटच्या नावावर काहीही मागता आलं असतं. 'तुमच्या माणसांनी मारलं, तो तुमच्यासाठी मेला, आता तुम्ही आमच्यासाठी अमुक करा', हे वाक्य अगदी तयार होतं. तो ते म्हणत नाही. तीन हजार वर्षांची गोष्ट तो सांगतो, पण ती ॲबटच्या मरणाला बांधत नाही. बिल देत नाही. 'बलिदान' हा शब्द अख्ख्या संभाषणात कुणीच काढत नाही. तो आम्ही काढला, मारुंजीत, चिप्स खात. ज्यांना आधी काही माहीत नव्हतं आणि जे नंतर वाचले, त्यांना तो शब्द लागतो. लुईसला लागला असेल. मला लागतो. ज्याला माहीत होतं त्याला बहुतेक लागत नाही.

आणि स्वतः लुईसचं काय? सिनेमा संपतो तो तिच्या निर्णयावर. मुलगी होणार, ती लहानपणीच जाणार, हे कळल्यावर तिचा नवरा सोडून जाणार, हे सगळं दिसत असताना ती 'हो' म्हणते. आम्ही तीन तास ॲबटवर भांडलो आणि लुईसवर दहा मिनिटंसुद्धा नाही. तिच्या 'हो'ला त्याग म्हणायचं का, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. मराठीवाली म्हणाली, 'कारण ती बाई आहे आणि आई आहे. तिने करायचंच असतं, असं आपण धरूनच बसलोय.' यावर मुलं काही बोलली नाहीत. मुलीही नाहीत. आत्या माझ्या आईबद्दल ते वाक्य कधीच म्हणालेली नाही, हे मला तेव्हा आठवलं. बार्शीला आईचं शिवणकामाचं दुकान होतं. तेही गॅरेजबरोबरच बंद झालं होतं.

तर माझं मत विचाराल तर ॲबटला माहीत होतं. त्याला निवड होती का, यावर मी मेकॅनिकलवाल्याशी अजून भांडू शकते, पण हल्ली तेवढा जोर लागत नाही. तो आला, काम केलं, पॅसेंजर उतरवले. बीएस्सीवालीला हे उत्तर फारच थंड वाटतं. तिच्या मते मी पक्षांतर केलंय. कॉमर्सवाला बॉम्ब बाहेर का टाकला नाही यावर ठाम आहे. त्याने आता मूळ कथा वाचायला घेतलीय, आणि तिथे बॉम्बच नाही हे आम्ही त्याला सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचा ठरलाय. हिंदी डब मिळाला तर पप्पाही येतो म्हणालेत. शनिवारी ड्युटी लागली नाही तर.